एका माणसाचा तंबू

पुलगावातले आमचे शेजारी कापड दुकानदार. कोणतंही कापड दिसलं की आधी चिमटीत धरून चोळायचे, मग ते समोरच्याच्या अंगावरचं का असेना. आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पुण्याच्या भाच्यानं त्यांना डोंगरावर न्यायचा, एका माणसाचा हलका तंबू दिला. गिरडच्या टेकडीवर एकटंच राहायचं, असं त्यांनी गल्लीभर जाहीर केलं आणि रविवारी सकाळी अंगणात तंबू ठोकला. कापड चोळून झालं, मग आत शिरले. पाय आत घेतले की डोकं बाहेर यायचं.

मी फाटकाशी थांबलो, तर ते डोकं म्हणालं, "या, बसा!"

"कुठी बसू भाऊ? एकाचाच हाय ना तो."

ते रांगत बाहेर आले, मला आत ढकललं आणि स्वतः उन्हात पाट टाकून बसले.

"अहो, तुमी काऊन बाहेर?"

"एकाचाच हाय ना! मंग पाव्हन्याले उन्हात बसवू काय? चहा येऊन राह्यला, हालू नका."

पुढच्या आठवड्यात ते गिरडला एकटे राहायला गेले. तंबूत झोपायला मला घेऊन.