लपाछपीत खरं बोलणारी

माझ्या लेकीला लपाछपी जमत नाही, कारण तिला खोटं बोलता येत नाही. ती पाण्याच्या टाकीमागं लपायची. ज्याच्यावर राज्य असेल ते पोर ओरडायचं, "कुठं हायेस वं?" आणि आमची बाई खणखणीत आवाजात उत्तर द्यायची, "टाकीमागं आहे." विचारलं की सांगायचं, एवढं तिचं पक्कं. वर बाकीच्यांचे पत्ते न विचारताच देऊन टाकायची.

"काकू, हे सगळ्याइचं सांगून देते! आमी नाही घेत तिले," अशी तक्रार घेऊन गल्लीतली पोरं रोज माझं डोकं खायची.

ती आठ वर्षांची, स्वमग्न. स्वतःचे शब्द मोजके, बाकी कुठंतरी ऐकलेले, जसेच्या तसे. कुणी हात धरला की किंचाळते. तिच्या अभ्यासाची मला फारशी काळजी नव्हती. मला एकच हवं होतं. मोताळ्याजवळच्या आमच्या या गावात एखाद्या तरी पोरानं आपण होऊन दारात यावं आणि तिला खेळायला बोलवावं.

बुलडाण्याला आम्ही तिला थेरपीसाठी ज्या ताईंकडे नेतो त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही तिच्यासोबत खेळात उतरा. पोरांना तिची सवय होऊ द्या. मग हळूच बाजूला व्हा."

मी पदर खोचून उतरले. बाजूला व्हायचं मात्र राहूनच गेलं, कारण मी जिंकायला लागले. लंगडीत मी भल्याभल्यांना बाद केलं. एकदा मी रेषेबाहेर गेले की नाही यावरून अशी जुंपली, की नवरा ओट्यावरून म्हणाला, "अवं, कोनासाठी खेळून राह्यली तू?"

"तुमी गप राहा. मी आउट नाही!" मी ओरडले. पोरगी तिकडं एकटीच चपलांच्या जोड्या लावत बसली होती.

मग कापूस जायचा दिवस आला. आमच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकला होता. खामगावच्या जिनिंग कारखान्यात न्यायला गाडी आली, आणि ती दाराशी मागं घेताना ड्रायव्हरच्या जोडीदारानं आरोळ्या ठोकल्या, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" लेकीनं कान टवकारले.

गाडीत कापूस टाकला की तो तुडवावा लागतो, नाहीतर निम्माच मावतो. आमच्याकडं हे काम पोरांचं, आणि त्यासाठी ती एकमेकांना ढकलत वर चढतात. त्या दिवशी लेकही चढली. मांडीपर्यंत कापसात गेली आणि चक्क हसली. पोरं तिच्या अंगावर पडत होती, तरी एकदाही किंचाळली नाही. मग तिनं सुरू केलं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

पोरं त्या तालावर उड्या मारायला लागली.

"बस!"

सगळी धपकन आडवी. शेजारची पोरगी नाकातला कापूस काढत म्हणाली, "अजून म्हण ना वं!"

लेकीनं परत म्हटलं. पोरांनी परत मागितलं. मला इतका आनंद झाला की ताईंचा सल्ला गेला उडत, मीही गाडीत चढले. पहिल्याच उडीत कमरेपर्यंत रुतले.

"काकू फसल्या! काकू फसल्या!"

लेकीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "बस." पोरं पुन्हा आडवी पडली. शेवटी नवऱ्यानं आणि ड्रायव्हरनं ओढून मला बाहेर काढलं. माझी एक चप्पल कापसातच राहिली आणि खामगावला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची ती पोरगी दारात उभी. मी लगेच पदर खोचला.

"काकू, तुमी नका येऊ. तिलेच पाठवा."

खरं सांगते, मला रागच आला. इतके दिवस घाम मी गाळला आणि आता मलाच नको! पण तोवर लेक चप्पल न घालताच उंबरा ओलांडून गेली होती. तिची पाठ पाहिली आणि माझे डोळे भरून आले. हेच तर मी मागत होते.

पण माझ्यानं राहवेना. मी दारामागं उभी राहून फटीतून बघू लागले. ओट्यावरून उड्या पडत होत्या. येऊ दे, येऊ दे, बस! मधेच कुणीतरी लेकीला विचारलं, "तुही माय कुठं हाय वं?"

लेक थांबली. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "दारामागं आहे."

सगळी पोरं वळली. "काकू आउट!" असा एकच गलका झाला आणि त्यात लेकीचाही आवाज होता.

या वेळी मी भांडले नाही.