दोन उण्यांचा कोन

सालेहाबाई मोटर वाइंडिंग करतात. शांतीनगरच्या गल्लीत, यंत्रमागांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारं त्यांचं दुकान आहे. वडिलांची, मोहिउद्दीनचाचांची, नजर अधू झाली तेव्हा बाई एकवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर अठरा वर्षं तांब्याची तार त्यांच्याच बोटांतून जाते आहे. कारखान्याच्या वायरिंगचं काम घ्यायला मात्र परवाना लागतो आणि परवान्याला डिप्लोमा. म्हणून बाईंनी आमच्या तंत्रनिकेतनात नाव घातलं. तिथे परीक्षा विभागात मी हेडक्लार्क आहे. शिक्षण बी.कॉम., निवृत्तीला चौदा महिने. गणित मला फारसं कळत नाही, पण तो दिवस नीट कळला.

बाईंचा गणित हा एकच विषय राहिला होता आणि त्यात त्या दोन मार्कांनी नापास झाल्या. उत्तरपत्रिका घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. मागोमाग गणिताचे मनोज सर.

"उणे चार, उणे तीन आय, या संमिश्र संख्येचा कोन काढायचा होता," सर मला म्हणाले. "उत्तर छत्तीस पूर्णांक सत्याऐंशी अंश. अख्ख्या वर्गाचं तेच आलंय. बाईंनी दोनशे सोळा पूर्णांक सत्याऐंशी लिहिलंय."

"तेच बरोबर आहे, सर."

"म्हणजे कॅल्क्युलेटर खोटं बोलतो?"

"खोटं कशाला बोलेल? विचारलं तेवढंच सांगतो. तुम्ही उणे तीनला उणे चारने भागलं. भागाकारात दोन्ही उणे गेले. आत काय होतं, त्या बिचाऱ्याला काय पता?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "दोन मार्क ग्रेस देतो. पास व्हा आणि विषय संपवा."

मला वाटलं, सुटल्या.

"ग्रेस नको. या गणिताचे चार मार्क आहेत, माझे चार द्या."

"अहो, पास होताय ना!"

"उद्या कारखान्यात वायर उलटी जोडली, मोटर उलटी फिरली, तर शेठ ग्रेस देणार आहे?" मग माझ्याकडे वळून, "केसरीनाथभाऊ, फेरतपासणीचा अर्ज आणलाय. आवक नंबर टाका."

सरांनी डोळ्यांनीच मला 'नको' म्हटलं. नियमाबाहेरचा कागद मी कधी घेतला नाही, नियमातला कधी अडवला नाही. शिक्का मारला.

बाईंनी आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "आता ठिपका तुम्हीच द्या, भाऊ. मधून चार घरं डावीकडे, तीन खाली."

मी दिला.

"छत्तीस अंश म्हणजे उजवीकडे, वर. तुमचा ठिपका कुठाय?"

"डावीकडे. खाली."

सर वाकले. कोनमापक लावून त्यांनी कोन मोजला. मग खिशातून लाल पेन काढलं आणि बाईंच्या उत्तरावरची फुली खोडून चार लिहिले.

"पण मग बाकी सगळ्यांचे कापावे लागतील," ते पुटपुटले.

"कापा."

दुपारी बाई माझ्या टेबलाशीच होत्या, तेवढ्यात वर्ग माझ्या दारात. पुढे जोहा, वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी; बाईंना ती थोरल्या बहिणीसारखं 'बाजी' म्हणते. "बाजी, आमचे मार्क खाल्ले तुम्ही! सहा जण लटकले!"

"तुमचे नव्हतेच ते," बाई म्हणाल्या. "सरांनी शुक्रवारी फेरचाचणी ठेवलीय. त्याआधी दुकानात या, शिकवते. आलेखाचा कागद आणा, कॅल्क्युलेटर घरी ठेवा. आणि भरलेल्या मोटरींवर कुणी बसायचं नाही."