गिरणी बंद होती तेव्हा

यंत्रवाल्या बाईंबद्दल गिरणीवाल्या काकांना खरं तर काहीच माहीत नव्हतं. मोठ्या भूकंपानंतर त्या डोंगरात आल्या, मागून बसणारे धक्के मोजायला. गिरणीमागच्या खोलीत, थेट खडकावर यंत्र ठेवलं आणि महिनाभर बिनसाखरेचा चहा प्यायल्या. घरी कोण असतं, एवढंही विचारायचा धीर काकांना झाला नाही.

दरीतल्या बाकीच्या गिरण्या पडल्या होत्या, म्हणून वीज परत आल्यापासून काकांची गिरणी रात्रंदिवस चालू. तिची थरथर यंत्रात उमटायची. त्या बारीक रेघांवर बाई लाल पेन्सिलीने लिहायच्या, ‘गिरणी’. मोठे धक्के कमी होत चालले होते. "उद्यापासून डोंगराखालच्या घरांत राहायला जा," असं त्यांनी तंबूंत राहणाऱ्या लोकांना सांगितलं. तंबूंतून गाठोडी बांधली जाऊ लागली.

त्याच दुपारी गिरणीचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला काका मागच्या खोलीत गेले, तर यंत्राच्या कागदावरची रेघ नाचतेय!

"अहो, मग सांगा की त्यांना," काकू म्हणाल्या.

"मला काय कळतं त्यातलं? हसतील."

"मला मागणी घालायलाही मामांना पाठवलंत. आता मामा कुठून आणू?"

काका धावत सुटले. बाई तंबूपाशी चहा पीत होत्या.

"बाई, गिरणी बंद आहे. तासभर झाला."

"बरं, मग?"

"रेघ चालूच आहे."

कप खाली ठेवायचंही भान न राहता बाई पळाल्या. यंत्रापुढे बसल्या आणि ओरडल्याच, "काका, हे धक्के आहेत! बारीक, पण नेमके घरांवरच्या डोंगराच्या पोटातले! आणि मी वेडी, सगळं तुमच्या गिरणीवर ढकलत बसले! बंद ठेवाल अजून?"

"म्हणाल तितके दिवस."

तंबूत जाऊन त्यांनी सांगितलं, "चूक माझी. शिव्या मला द्या, पण गाठोडी सोडा." लोकांनी दोन्ही केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जोराचा धक्का बसला. डोंगराची अख्खी कड सुटली आणि रिकाम्या घरांवर आली. धुरळ्यात माणसं एकमेकांना हाका मारत होती. सगळ्या हाकांना ओ आली. बाई रडत होत्या की हसत होत्या, काकांना कळलं नाही.

आठवड्याने त्यांची जीप निघाली. काकांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

"काका, पट्टा नीट बसला का?"

"बसला."

"मग करा सुरू. लोक डबे घेऊन उभे आहेत."

"हो," काका म्हणाले.