टाकीपलीकडच्या सासूबाई

दवाखान्याची गाडी चालवून उरलेल्या वेळात लॉइडने आपल्या आदिवासी भाषेच्या ऑनलाइन शब्दकोशात दोन हजार शब्द चढवले, आणि त्यातला एकही सासूने त्याला सांगितला नाही. सगळे कुत्र्याला सांगितले.

जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, हा त्यांच्या जमातीचा जुना रिवाज. गावात ती भाषा अस्खलित बोलणाऱ्या उरल्या एकट्या मर्टल, आणि संगणक येणारा एकटा त्यांचा जावई. मग मर्टल पाण्याच्या टाकीपलीकडे बसायच्या, लॉइड अलीकडे पाठ करून, आणि मधे माईकची वायर नि सार्जंट नावाचा कुत्रा. लेकी बोले सुने लागे, तसं झकास चालायचं.

"सार्जंट, घोरपडीला काय म्हणतात ते सांगते, ऐक. आणि त्याला म्हणावं, चहात साखर नव्हती!"

लॉइड असली वाक्यं कापून टाकायचा. एकदा कापायचं राहिलं, तर शब्दकोश ऐकून शिकणारी शाळेतली पोरं घोरपड दिसली की साखरेची तक्रार करायला लागली.

राहिली होती फक्त मानाची बोली. सासू कानाच्या टप्प्यात असली की जावयाने इतरांशीही त्याच बोलीत, संथ आणि हलक्या आवाजात बोलायचं. ती सांगायला मर्टल तयार नव्हत्या.

"सार्जंट, माझा म्हातारा गेला तेव्हाच ती गेली. बारा वर्षं माझ्या आसपास कुणी तिच्यात बोललेलं नाही. यंत्रात कोंबून काय लोणचं घालायचंय?"

लॉइडला ते लागलं. आपल्या माणसांपासून दूर वसतिगृहात वाढलेला तो, त्याला कोण शिकवणार? पण जावई तर तोच होता. घरी त्याने बायकोला विचारलं, "बाबा आजीजवळ कसे बोलायचे, आठवतं?"

"लग्नाला पंधरा वर्षं झाली, आता जावई व्हायची हौस आली होय?" शेरिल हसली, पण आठवेल तेवढं तिने शिकवलं. तीन आठवडे तो गाडीत घोकत होता आणि मागे बसलेले पेशंट खिदळत होते.

गुरुवारी माईक लावण्याआधी तो कुत्र्याला त्या बोलीत म्हणाला, "ऊन चढलंय. मोठ्या माणसांनी सावलीत सरकावं." दोनदा अडखळला.

आपण अपमान तर नाही ना केला, या भीतीने तो कुत्र्याचे कान कुरवाळत बसला. मग टाकीपलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सार्जंट, म्हणावं, सासूजवळ एवढ्या घाईने बोलत नाहीत. पण बरं वाटलं रे. मरायच्या आधी कुणीतरी माझा मान ठेवला."

लॉइडने डोळे पुसले.

"आणि यंत्र लाव म्हणावं," मर्टल म्हणाल्या. "उद्या शेरिलचे जावई येतील. त्यांना कोण शिकवणार?"