कोपरा नसलेलं कोरं कार्ड

लोटन डाकवाला शहाद्याकडच्या सपाटीवरचा. त्याच्या गावात पूर्वी मौतीची खबर पोस्टकार्डानेच यायची, आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. अंगणात वाचायचं, तिथंच फाडायचं, मग आंघोळ. तीस वर्षांत लोटनने अशी कितीतरी कार्डं वाटली. बाया लांबूनच त्याच्या हाताकडे बघत, तोंडाकडे नाही. पुढे घरोघरी फोन आले आणि त्याला भ्यायचं लोकांनी सोडलं.

वरच्या पाड्यावर मात्र अजून रेंज नाही. तिथल्या जमुनाबाईचा मुलगा दिवाल्या दरसाल बारडोलीकडे ऊसतोडीला जातो. त्याला लिहिता येत नाही. म्हणून निघताना लोटन त्याला दहा कार्डांवर घरचा पत्ता घालून देतो. दर पंधरा दिवसांनी एक पेटीत टाकायचं. कोरं आलं की पोरगा खुशाल.

यंदा सव्वा महिना काहीच आलं नाही. आज आलं. पत्त्याचं अक्षर लोटनचंच, मागची बाजू कोरी, आणि वरचा कोपरा गेलेला. उंदराने कुरतडलेला नव्हे, बोटांनी ओढून काढलेला.

चढावर सायकल ढकलताना त्याने ते तीनदा उलटून पाहिलं.

जमुनाबाई दारात मक्याची कणसं सोलत होती. पाड्यावर कोपऱ्याची रीत नाही.

"कोरं शे ना, लोटनभाऊ?"

"कोरंच शे."

ती हसली. एवढा उशीर केला, आता येऊ दे, कान पिळते त्याचा, म्हणाली आणि कार्ड घेऊन घराकडे वळली. तिचा पाय उंबऱ्याकडे उचललेला पाहून लोटन पुढे झाला. त्याने तिला थांबवलं. आमच्याकडे कोपरा कशासाठी फाडतात, ते मान खाली घालून सांगितलं.

तिने फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"दिवाल्याले कोठे माहीत शे तुमनी रीत?"

"त्याले नही, बाई. पन पेटीत टाकनाराले माहीत व्हई तर?"

जमुनाबाईने कणसांची टोपली शेजारणीच्या ओट्यावर ठेवली, बकरीची दोरी तिच्या हाती दिली आणि नेसत्या लुगड्यानिशी उताराला लागली. लोटन सायकल धरून मागोमाग. नाल्यापाशी ती थांबली. बारडोलीला उतरून कोणाच्या दारी जाऊ, तिने विचारलं.

दहाही कार्डांवर लोटनने इकडचा पत्ता घातला होता. तिकडचा त्याने कधी विचारलाच नव्हता.