अंब्रुशच्या पेशी

सेगेद शहरातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एतेल्काने सव्वीस वर्षं बाटल्यांतल्या पेशींना जेवू घातलं. पेशी लाल रसातली साखर खातात, आंबट टाकतात आणि रस पिवळा पडतो. पिवळा म्हणजे जिवंत, एवढं तिला भिंगाशिवाय कळे.

सतरा क्रमांकाच्या बाटलीवर नाव नव्हतं. पण तिच्यातल्या पेशी ज्या कर्करोगाच्या गाठीतून काढल्या, ती गाठ शस्त्रक्रियागृहातून बर्फाच्या डब्यात घालून एतेल्कानेच आणली होती. गाठ तिच्या भावाची, अंब्रुशची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पेशींना मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

सोमवारी डॉक्टर किंचेने सतराला एतेल्काने कालवलेला, साखर काढलेला रस दिला आणि त्यात खोटी साखर घातली; तेच तिचं नवं औषध. पेशी ती खरी समजून आत घेते, पण तिला ती पचत नाही. रस लालच राहायला हवा होता. गुरुवारी तो पिवळा निघाला.

एतेल्काने बाटलीवरचा आकडा पुन्हा वाचला.

"नेनी, हा बाबा उपाशीपोटी ढेकर देतोय," किंचे म्हणाली. नेनी म्हणजे वडीलधारी बाई.

"हट्टी असेल."

"तुमच्या ओळखीतला दिसतोय."

एतेल्काने बाटली परत जागेवर ठेवली.

"हे औषध बाद. रुग्णांना देण्यात अर्थ नाही. सतराला मात्र जिवापाड जपायचं, इतक्या चिवट पेशी पुन्हा मिळायच्या नाहीत," किंचे म्हणाली.

दुपारी एतेल्काने शीतकपाट उघडलं. पेशींच्या रसात रक्तातलं पाणी घालावं लागतं, सीरम. साध्या सीरममध्ये साखर असते. या प्रयोगासाठी ती धुऊन काढलेलं, निळ्या झाकणाचं आणलं होतं. निळ्या झाकणाचं सील तसंच होतं.

म्हणजे साध्या सीरममधली साखर चार दिवस अंब्रुशला तीच भरवत होती.

ती स्टुलावर बसली. बाटलीतल्या पेशी म्हाताऱ्या झाल्या होत्या. पुन्हा प्रयोग करायचा तर त्याच गाठीच्या पेशींची गोठवलेली शेवटची कुपी फोडावी लागणार, आणि औषध लागू पडलं तर त्याही मरणार. गप्प राहिलं तर कुपीतला भाऊ राहील आणि औषध जाईल. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि किंचेच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, सीरम साधं पडलं. माझ्या हातून."

किंचेने मान वर केली. "तरीच. आपणच पंगत वाढली आणि म्हणतो, हा जेवतो कसा. पण एकच कुपी उरलीय, नेनी."

"माहीत आहे."

"कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं ना."

कुपी एतेल्काने स्वतः कोमट पाण्यात धरली. वाटाण्याएवढा बर्फ विरघळला. पेशी वाढायला दोन आठवडे लागले. मग निळ्या झाकणाचं सील तिने फोडलं, खोटी साखर घातली.

चौथ्या दिवशी तिने भिंगातून पाहिलं. सगळ्या पेशी जागच्या जागी होत्या, खोट्या साखरेने पोट भरलेल्या आणि तरी उपाशी. हलत काहीच नव्हतं. तिला वाटलं, त्याही आपल्याकडे बघताहेत.

किंचेने वही उघडली. "रंग सांगा, नेनी."

एतेल्काने बाटली खिडकीकडे धरली.

"लाल," ती म्हणाली.