आधी हात, मग तोंड

माझ्या वहिनीला ‘झालंच’ हा शब्द चालत नाही. घरात आमचं बाकीच्यांचं अर्धं आयुष्य तसल्याच शब्दांवर निघालंय. दादा पांघरुणातून ‘उठलोच’ म्हणतो, मी टीव्हीसमोरून ‘आलेच’ म्हणते, आणि वहिनी ओट्यापाशी कमरेवर हात ठेवून बघत राहते, खरंच कोण येतंय ते.

ती एका मोठ्या इस्पितळात कामाला आहे. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे धुवायचे, पुसायचे, ट्रेमध्ये लावायचे आणि वाफेवर जंतू मारणाऱ्या यंत्रात घालायचे. ती खोली म्हणजे तिचा जीव की प्राण. खोलीच्या मुख्य बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी वहिनीच, हे सगळे धरूनच चालले होते. पण आता तिथे ठिकठिकाणचे डॉक्टर आणि नर्स आलेत, त्यामुळे पाळी बदलताना काय झालं, काय राहिलं हे इंग्रजीत सांगायचं, असा नियम निघाला. मेट्रनबाईंनी स्पष्टच सांगितलं, तोंडी परीक्षा पास झालीस तर खोली तुझी. नाहीतर बाहेरून माणूस आणू आणि तुला चादरी धुण्याच्या विभागात पाठवू.

घरी येऊन वहिनीने पर्स टेबलावर आपटली.

“मास्तरीणबाई, मला शिकवा.”

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून ही पदवी. एरवी मी नुसती नणंद.

तिच्या कामाला लागणार होता पूर्ण वर्तमानकाळ. मी वर्गातल्या सुरात सुरुवात केली. आय, यू, वी, दे असेल तर हॅव. ही, शी, इट असेल तर हॅज. आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. वॉश-वॉश्ड-वॉश्ड. ब्रेक-ब्रोक-ब्रोकन. काम आधी झालंय, पण त्याचा परिणाम आत्ता समोर आहे, तेव्हा हा काळ. ‘येस्टरडे’ आला की मात्र याला सुट्टी, तिथे साधा भूतकाळ. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, शेवटच्या बाकावरची मुलं बघतात तशी.

“अगं, सोप्पं आहे,” मी वैतागले. “म्हण, आय हॅव वॉश्ड द कप.”

“पण कप कुठे धुतलाय?”

“समज ना, धुतलाय!”

“समजून कसं चालेल? आमच्याकडे धुतला समजून ट्रे पुढे गेला, तर माणूस जाईल एखादा.”

ती उठली, कप घासला, विसळला आणि माझ्या नाकासमोर उपडा धरला. “आय हॅव वॉश्ड द कप.” एक चूक नाही.

मग हीच पद्धत पडली. केर काढून झाला की आय हॅव स्वेप्ट द फ्लोअर. दार लावलं की आय हॅव शट द डोअर. दादा लोळत असला की ही हॅज नॉट गॉट अप. दादा कावला. “मी लग्न केलं की घरात लाउडस्पीकर बसवला?” वहिनी शांतपणे म्हणाली, “यू हॅव टॉक्ड टू मच.” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई आता मागे हटत नाही.

परीक्षेच्या दिवशी नेमकी पंचाईत झाली. काय घडलं ते तिनेच नंतर सांगितलं. केबिनमधल्या मोकळ्या टेबलासमोर मेट्रनबाई म्हणाल्या, ट्रे तयार केलास असं धर आणि इंग्रजीत सांग. इतके दिवस हात पुढे आणि तोंड मागे चाललं होतं. रिकाम्या हातांनी तिला एक शब्द सुचेना. बाईंनी पुन्हा विचारलं, मग पेनाला टोपण लावलं. ते बघून वहिनी उठलीच.

“मॅडम, खोलीत चला. करता करता सगळं सांगते.”

मेट्रनबाई गेल्या, हा त्यांचा मोठेपणा. वहिनीने हातमोजे चढवले आणि गाडी रुळावर आली. आय हॅव वॉश्ड द सिझर्स. आय हॅव ड्राइड देम. आय हॅव पॅक्ड द ट्रे. ट्रे यंत्रात गेला, झाकण लागलं. बाईंना मीटिंग होती. “आता निर्जंतुक केलाय म्हणून टाक, म्हणजे मी मोकळी,” त्या म्हणाल्या. यंत्र तर नुकतंच तापायला लागलं होतं. एवढं एक वाक्य म्हटलं की खोली तिची होती.

“आय हॅव नॉट स्टरिलाइज्ड द ट्रे येट, मॅडम.”

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसल्या. यंत्राची घंटी वाजेपर्यंत दोघी तिथेच थांबल्या. घंटी वाजली, तेव्हा वहिनीने राहिलेलं वाक्य म्हटलं.

संध्याकाळी आम्ही तिला दारातच गाठलं.

“पास झालीस?”

“तोंडी हो म्हणाल्यात.”

“मग झालंच की!” दादा ओरडला.

“किल्ली कुठे हातात आलीय?” म्हणत ती हात धुवायला गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं घसा फोडून शिकवलं मी, आणि ही मला आनंदही करू देईना!

दुसऱ्या दिवशी तिने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, खुर्चीत बसली, “आय हॅव गॉट द रूम” म्हणाली आणि रडायलाच लागली. मीही रडले. दादा उगाच पंख्याकडे बघत राहिला.

मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. “अँड यू हॅव टॉट मी.”

“चल, मी कुठे काय शिकवलंय,” असं मी म्हणणार होते. पण जे झालेलं नाही ते ही बाई बोलत नाही, हे मला आता पुरतं माहीत होतं.